हा वाटा कुणाला?

७ ऑगस्ट

कानवालीनं वही लावायला सांगितलंय. रोज काय ऐकू आलं ते लिहायचं, म्हणजे तिला यंत्रं नीट जुळवता येतील. तिचं नाव ओउती. काजानीच्या मोठ्या रुग्णालयात ती कान तपासते, वयानं माझ्या लेकीपेक्षा, कायसूपेक्षा, लहान असेल. दोन्ही कानांमागे एकेक यंत्र बसवून तिनं विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, कुणीतरी कागद चुरगाळतंय. तो तिचा कोट होता.

तर आज ऐकू आलेलं: फ्रिज. अंगणातल्या खडीवर माझेच बूट. तुइस्कूचं पाणी पिणं. कुत्रं एवढा आवाज करून पाणी पितं हे मी विसरूनच गेलो होतो.

ओउतीनं विचारलं होतं, ऐकू येणं कधीपासून कमी झालं? मी म्हटलं, मला नाही सांगता येणार, बायकोला माहीत असेल. ती म्हणाली, मग पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या. मी बरं म्हटलं.

हेल्का मार्चमध्ये गेली. तिथे त्या खुर्चीत बसून ते सांगायचं राहिलं. तोवर बोलणं पुढे गेलं होतं.

११ ऑगस्ट

इल्पो कॉफीला आला. तो आमच्या शिकारीच्या टोळीचा प्रमुख. ऑक्टोबरात मूस हरणाची शिकार उघडली की गावातले आम्ही सगळे त्याच्या हुकमात. एरवी तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि शाळेत असल्यापासून मला म्हाताऱ्या म्हणतो, कारण मी त्याच्याहून थोडा मोठा.

दुसरा कप होईपर्यंत तो हवापाण्याचंच बोलला. मग म्हणाला, यंदा चार नंबरच्या ठिय्यावर तुला बसवावं की नाही याचा विचार करतोय. मी म्हटलं, त्या दलदलीच्या कडेला मूसची वाट बघत माझ्याशिवाय आजवर कोण बसलंय?

"तू एकटा कुठे बसत होतास? तुम्ही दोघं बसत होतात," तो म्हणाला.

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"हेल्का तुझ्या खांद्यावर हात ठेवायची. कुत्रा उजवीकडे भुंकला की उजव्या, डावीकडे भुंकला की डाव्या. मी वॉकीटॉकीवर काही बोललो की तुझ्या कानाशी वाकायची. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, म्हाताऱ्या. दुर्बिणी आमच्याकडेही आहेत."

मला वाटायचं, कुणालाच ठाऊक नाही.

ठरलं ते असं. शिकार उघडायच्या आधी मी त्याला दाखवून द्यायचं की कुत्रा कुठून भुंकतोय ते मला कळतं, वॉकीटॉकीवरचं बोलणं कळतं आणि 'थांब' म्हटलेलं कळतं. नाही जमलं तर मांस कापायच्या शेडमध्ये बसून सगळ्यांचं सूप ढवळायचं. टोळीतली साइला कुत्र्यामागे त्याच झाडीत हिंडत असते, तिथे बंदूक धरलेला बहिरा माणूस नको. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. मला राग यायला हवा होता. आला नाही. हल्ली काही येतच नाही.

तो निघाला तेव्हा मी विचारलं, आणि वाटे कोण पुकारणार?

"वाटे तूच. त्याला नुसती पाठ लागते, कान कशाला हवेत?"

आमच्याकडे मांसाचे ढीग टेबलावर मांडतात आणि एक जण त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. इल्पो एकेका ढिगावर सुरी टेकवून विचारतो, हा कुणाला? पाठमोरा माणूस एकेक नाव घेत जातो. मग अमक्याला चांगला तुकडा दिला असं कुणी म्हणू शकत नाही. ते काम माझं. खरं तर त्यालाही कान लागतात. हेल्का माझ्यासमोर दाराशी उभी असायची, इल्पोनं विचारलं की भुवया उडवायची. एवढं मात्र त्यांना ठाऊक नसावं.

१५ ऑगस्ट

आज काही ऐकू आलं नाही. यंत्रं खणात होती.

१९ ऑगस्ट

साइलाबरोबर काजानीच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. साइला तळ्यापलीकडे राहते, शाळेत लाकूडकाम शिकवते. हेल्का माझ्याबरोबर ठिय्यावर बसायला लागल्यापासून शिकारीत तुइस्कूला तीच सांभाळते. गाडी तिची होती, हट्टही तिचाच.

दुकानदारानं आधी चौकशी केली. बसून शिकार की हिंडून, चष्मा आहे का, कानात यंत्र आहे का. मग त्यानं डबे काढले. कानांवर बसवायच्या त्या वस्तूला दुकानात इअरमफ म्हणतात, आम्ही डबे म्हणतो. पूर्वीचे डबे नुसते कान बंद करायचे. आताच्यांना बाहेरून माइक असतात. बारीक आवाज ते मोठा करून आत देतात, आणि गोळी सुटली की क्षणात दार लावून घेतात.

पहिल्याला एकच माइक होता. साइला दुकानात माझ्याभोवती फिरून टाळ्या वाजवत होती आणि सगळ्या टाळ्या माझ्या डोक्याच्या मधोमध वाजत होत्या. दुकानदार म्हणाला, स्वस्त आहे म्हणून असा. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना माइक होते, पातळ होता, बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवला तरी अडत नव्हता. पण तो यंत्रांवर इतका दाबून बसला की यंत्रं आत किंचाळायला लागली. तुइस्कू गाडीत होती म्हणून बरं. तिसरं बोंडासारखं, कानाच्या भोकात घालायचं. ते घालायचं तर यंत्रं काढावी लागतात. काढली. मग दुकानाचा पंखा माझ्या डोक्यात शिरला आणि साइलाचं बोलणं बाहेरच राहिलं. जे मला आधीच ऐकू येतं तेच ते आणखी मोठं करतं. जे येत नाही ते तिथेच.

मी म्हटलं, माझ्या बंदुकीच्या नळीला आवाज दाबणारं नळकांडं लावलेलं आहे, डबे नसले तरी चालेल. दुकानदार म्हणाला, नळकांडं आवाज कमी करतं, गिळून टाकत नाही. उरलेले कान तरी राखा.

काही न घेता परत आलो. गाडीत साइलानं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. भूक लागली का असं नसावं, कारण वाटेत ती कुठे थांबली नाही.

२७ ऑगस्ट

ओउतीनं मला माझा आलेख दाखवला. डावीकडे जाड आवाज: ट्रॅक्टर, मूस, इल्पो. उजवीकडे बारीक: पक्षी, पानं, मोडणारी काटकी, बायकांचं आणि पोरांचं बोलणं. माझी रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालत येते आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली जाते. मी ते बराच वेळ बघत बसलो. हेल्का उजवीकडे होती, पार कड्याच्या खाली.

मी ओउतीला दुकानातलं सगळं सांगितलं. ती हसली नाही, तिनं लिहून घेतलं. म्हणाली, तुमची रेघ कुठे पडते ते फक्त यंत्रांना माहीत आहे, डब्यांना माहीत नाही. आणि बंदुकीचा आवाज अडवायचा असतो हे डब्यांना माहीत आहे, यंत्रांना नाही. म्हणून जंगलात दोन्ही घाला. आत यंत्र, वर खोल वाटीचा डबा, दोन्ही बाजूंना माइक असलेला. डब्याचा आवाज कमी ठेवा, मोठं करायचं काम यंत्राला करू दे. नुसती यंत्रं घालून गोळी कधी झाडू नका. यंत्रं किंचाळू नयेत म्हणून कानाच्या मापाची घट्ट बोंडं करावी लागतील. मग तिनं माझ्या कानांत थंड हिरवा लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसून होतो आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बरं वाटलं.

लगदा काढल्यावर तिनं विचारलं, "पत्नी नाही आल्या?"

"नाही जमलं तिला," मी म्हटलं.

यंत्रं जुळवायची म्हणून तिनं असंही विचारलं की कुणाचा आवाज सगळ्यांत नीट ऐकू यावासा वाटतो. मी कुत्र्याचा म्हटलं.

६ सप्टेंबर

यंत्रं फोनलाही जोडता येतात. ओउतीनं शिकवलं होतं, आज जमलं. कायसू औलूहून दर रविवारी फोन करते. आजवर मी फोन कानाशी धरायचो, अंदाजानं हं हं करायचो आणि ती ठेवते आहे असं वाटलं की बरं म्हणायचो. आज तिचा आवाज थेट डोक्यात आला.

आईचे कपडे आवरायला येऊ का, असं विचारत होती. मी म्हटलं, घाई काय आहे, कपाट काही भरून वाहत नाही. मग ती बोलायची थांबली. तिचं नाक वाहत होतं, श्वासही मध्येच अडकत होता. मी म्हटलं, तुला सर्दी झालीय. ती म्हणाली, "हो बाबा, सर्दीच झालीय." मी काळ्या बेरींचा रस गरम करून प्यायला सांगितलं. तिच्या आईनं केलेल्या बाटल्या तळघरात आहेत, पुढच्या वेळी आलीस की ने म्हटलं.

यंत्रं चांगली आहेत. पूर्वी मला तिची सर्दी कळलीसुद्धा नसती.

१२ सप्टेंबर

बोंडं आली. खोल वाटीचे डबेही आणले, हिरवे, दिसायला ओबडधोबड. यंत्रं आत गप्प राहिली.

साइलानं मला गवताच्या शेताच्या मध्ये स्टुलावर बसवलं आणि डोळ्यांवर टोपी ओढली. ती तुइस्कूला घेऊन झाडीत गेली. तुइस्कूला भुंकायला लावायला काही लागत नाही, समोर पिशवीत सॉसेज धरलं की पुरे. ती भुंकली की मी हात करायचा.

डावं-उजवं बरोबर आलं. समोर आणि मागे मात्र येईना. एकदा मी दलदलीकडे बोट दाखवून ठामपणे बसलो होतो आणि साइला माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, ते नको. ती म्हणाली, बरं.

कॉफी पिताना एक आठवलं. हेल्काला उत्तम ऐकू यायचं, तरीही कुत्रा भुंकला की ती मान हळूहळू फिरवायची. मला वाटायचं मान अवघडलीय. मी तसं करून पाहिलं. आवाज दोन्ही कानांत सारखा येईपर्यंत मान फिरवायची. मग अजून थोडी फिरवायची. आवाज समोर असेल तर एका बाजूला सरकतो, मागे असेल तर दुसऱ्या. ओउतीला सांगायला हवं. त्यानंतर मी चुकलो नाही. साइलानं उरलेलं सॉसेज तुइस्कूला आणि मला वाटून दिलं.

१८ सप्टेंबर

ऐकू आलेलं: करकोचे. दक्षिणेकडे निघालेत. दरवर्षी हेल्का आकाशाकडे बोट दाखवायची तेव्हा मी वर बघायचो. आज आधी ऐकलं, मग बघितलं. पुष्कळ होते.

बाकी कटकटी. माइकात वारा शिरतो, जंगलात उभं राहिलं की डोक्यात वादळ. साइलानं स्पंजाचे तुकडे चिकटवून दिले. चष्म्याची जाड दांडी डब्याखाली फट पाडते, फटीतून आवाज आत येतो. जुना बारीक दांडीचा चष्मा शोधला. पहाटेच्या थंडीत डब्यांचे सेल माना टाकतात, म्हणून दुसरे आतल्या खिशात अंगाशी ठेवायचे. एका माणसाला ऐकू येण्यासाठी केवढा हा संसार. पूर्वी एक हात पुरायचा.

२० सप्टेंबर

रविवार. कायसूची सर्दी अजून आहे. डॉक्टरला दाखव म्हटलं.

२३ सप्टेंबर

नेमबाजीच्या मैदानावर गेलो. तारेवरून पळणारा लाकडी मूस. गोळी सुटली आणि कानात नुसतं टक झालं, कुणी पेन्सिल मोडावी तसं. लगेच मागे उभ्या तोइवोचं बोलणं ऐकू आलं, "म्हातारा अजून पोटात नाही मारत." तोइवो सहा नंबरच्या ठिय्यावर बसतो, माझ्याबद्दल एवढंच चांगलं बोलतो.

घरी आल्यावर कानात शीळ वाजेल म्हणून वाट पाहिली. गोळ्या झाडल्या की ती दोन दिवस वाजते, तरुणपणापासून. आज वाजली नाही. घर फार शांत होतं. मी तुइस्कूला आत झोपू दिलं.

४ ऑक्टोबर

इल्पोची परीक्षा. मला चार नंबरवर बसवलं आणि स्वतः कुठेतरी गेला. वॉकीटॉकी डब्यांना जोडलेली होती. त्यात तो कुजबुजून वाट्टेल ते विचारायला लागला. वारा कुठून? साइला कुठे? माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा रंग काय? सगळं सांगितलं. मध्येच म्हणाला, थांब, मी बंदूक खाली केली. तुइस्कू टेकडीमागे भुंकायला लागली, मी मान फिरवून बोट दाखवलं. नंतर कळलं की इल्पो त्याच रेषेत एका पाइनमागे बसला होता. माझं बोट थेट त्याच्या नाकावर होतं म्हणे.

तो आला, ठिय्याच्या फळीवर माझ्या शेजारी बसला आणि लगेच उठला. म्हणाला, इथे नको, तिकडे बसतो. मग ओंडक्यावर बसून म्हणाला, "बसशील तू शनिवारी. सूप वेइयो करेल, त्याला मीठ कळत नाही, पण काय करणार."

मला आनंद व्हायला हवा होता. बरं म्हटलं.

संध्याकाळी कायसूचा फोन आला. तिला परीक्षेचं सांगितलं. ती म्हणाली, आईला आवडलं असतं. मग तिच्या सर्दीनं पुन्हा डोकं वर काढलं. मी म्हटलं, अंगावर काढू नकोस, रस पी.

१० ऑक्टोबर

शिकार उघडली.

अंधार असतानाच कातडी बैठका काढल्या, त्यावर बसलं की फळीची थंडी लागत नाही. ठिय्यावर पोचून बघतो तर दोन आणलेल्या. दुसरी तशीच शेजारी अंथरली. परत गाडीपर्यंत कोण जाणार?

इल्पोनं वॉकीटॉकीवर सगळ्यांची हजेरी घेतली. चार नंबर? मी म्हटलं, इथे आहे. पूर्वी हे हेल्का म्हणायची. त्यानं पाच नंबरला विचारलं.

उजाडल्यावर तुइस्कू भुंकायला लागली. आधी तुटक, मग एकसारखी. मूस अडवून धरला की ती तशी भुंकते. गळपट्ट्यातल्या ट्रॅकरमुळे साइलाच्या फोनवर कुत्रीचा ठिपका दिसतो, भुंकणं मोजलं जातं, माझ्याकडेही तो फोन आहे, पण मी तो खिशातच ठेवला. मान फिरवली. दलदलीपलीकडे, टेकडीच्या अलीकडे. मग भुंकणं हललं. मूस सुटला होता आणि माझ्याकडे येत होता. त्याचे पाय पाण्यात पडायचे आवाज मी ऐकले, दिसायच्या बराच आधी. चबक, चबक. हे मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. उजव्या खांद्यावर हात पडेल असं वाटलं. पडला नाही.

तो झाडीतून बाहेर आला, जवान नर, आडवा उभा राहिला. याहून चांगली संधी नसते. दुर्बिणीत खांदा भरला, खटक्यावर बोट गेलं. आणि कानात साइला बोलली. ओरडली नाही, धापा टाकत होती, आवाज बारीक.

"ओढा ओलांडून आलेय. चार नंबरच्या समोर आहे, मूसच्या मागे. रेइनो, ऐकतोयस?"

मी बोट काढलं. बंदूक खाली केली. म्हटलं, ऐकतोय.

मूसनं माझ्याकडे बघितलं आणि निवांत निघून गेला. थोड्या वेळानं त्याच्या मागच्या भूर्जांमधून तिचं केशरी जाकीट दिसलं. माझी गोळी मूसच्या आरपार गेली असती तर थेट तिथे. मला भीती वाटली. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे. बंदूक मी शेजारच्या बैठकीवर ठेवून दिली.

मूस तोइवोला गेला, सहा नंबरवर. जाळाजवळ सगळे त्याची पाठ थोपटत होते. साइला माझ्याजवळ येऊन बसली. इल्पोनं कॉफी ओतली, पहिला कप मला दिला. प्रथा अशी की पहिला कप ज्यानं मारला त्याचा. तोइवोनं ते बघितलं आणि दुसऱ्या कपासाठी हात पुढे केला.

१७ ऑक्टोबर

आठवडाभर टांगलेला मूस आज कापला. बाहेर पाऊस होता, शेडच्या पत्र्यावर त्याचा आवाज येत होता. नुसती यंत्रं घातली होती, सुऱ्यांना डबे लागत नाहीत. वेइयोचं सूप खारट झालं होतं. सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी म्हातारा बहिरा झाला तर बरं.

दुपारी ढीग मांडून झाले. यंदा टोळीत आठ माणसं, आठ ढीग. मी पाठ फिरवून दाराकडे तोंड केलं. दाराशी कुणी नव्हतं.

इल्पोनं सुरी टेकवली. टेबलावर तिचा टक आवाज झाला, तोही ऐकला. "हा कुणाला?"

"तोइवो," मी म्हटलं.

"हा कुणाला?"

"साइला."

"हा कुणाला?"

"हेल्का."

दरवर्षी साइलानंतर तेच नाव यायचं, ते आपोआप तोंडातून निघालं. निघाल्यावर मला कळलं. मागे कुणी हललं नाही. पाऊस ऐकू येत होता आणि साइलाचा श्वास. पूर्वी मला असली शांतता ऐकूच यायची नाही, मी पुढचं नाव घेऊन मोकळा झालो असतो. आता कुणीतरी म्हणेल, रेइनो, अरे. मी दाराकडे बघत राहिलो.

पाठीमागून सुरी पुढच्या ढिगावर गेली. टक.

"हा कुणाला?" इल्पोनं विचारलं. त्याचा आवाज जरा घोगरा होता, बाकी नेहमीसारखाच.

मी पुढची नावं घेतली. आठवं घेऊन मागे वळलो. सगळे आपापल्या पिशव्या भरायला लागले, कुणी माझ्याकडे बघेना. इल्पोनं तिसरा ढीग स्वतः बांधला, माझ्या गाडीत आणून ठेवला आणि मागचं दार हळूच लावलं. तो दारं नेहमी आपटतो.

घरी आलो. पिशवीवर इल्पोनं 'हेल्का' लिहिलंय, बाकीच्यांच्या पिशव्यांवर त्यांची नावं लिहिली तसं. फ्रीझरमध्ये ठेवताना मनात नावं पुन्हा मोजली. आठ ढीग होते, आठ नावं घेतली. एक हेल्काचं. मग कुणाला नाही मिळालं? सगळ्यांना मिळालं होतं. मी माझंच नाव घेतलं नव्हतं. आठ जण मला बरोबर वाटले होते आणि त्यांत मी नव्हतो.

रात्रीच्या जेवणाला एक तुकडा बाहेर काढायचा होता. नाव तिचं, म्हणून विचारलं, "हेल्का, यातलं घेऊ का गं?"

मार्चनंतर घरात मी तिला एकदाही हाक मारली नव्हती. दोन्ही यंत्रं कानात होती, सेल नवे होते. मी उत्तराची वाट पाहिली. खरोखर पाहिली, मान फिरवून. फ्रिज ऐकू आला.

मग मी टेबलाशी बसलो आणि रडलो. दफनाच्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं आलं. मला ती हवी आहे. ऐकू आलं नाही तरी चालेल, खांद्यावर हात हवा आहे. तुइस्कू येऊन पायाशी उभी राहिली. आपण रडतो तेव्हा कसा आवाज येतो ते मला माहीत नव्हतं, यंत्रांनी सगळं आत आणून दिलं. नाक वाहतं. श्वास मध्येच अडकतो. मग गिळल्याचा आवाज, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा तेच.

हा आवाज मी आधी ऐकलाय. दर रविवारी, फोनवर.

कायसूला सर्दी झालेली नव्हती.

आज शनिवार आहे. तरी फोन लावतो.